घड्याळाला गट नसतो

आमच्या भागात कुठल्याही गोष्टीला समोर कोणीतरी लागतं. खासबागेत कुस्ती ठरली की लोक आधी जोड बघतात, पैलवान नंतर. शाहू स्टेडियमवर फुटबॉलला पाटाकडील आणि खंडोबा समोरासमोर आले की निम्मं कोल्हापूर इकडे, निम्मं तिकडे. बिद्रीच्या साखर कारखान्याची निवडणूक लागली की आमच्या भुदरगड तालुक्यात एका घरातले दोन भाऊ दोन पॅनेलचा प्रचार करतात आणि रात्री एका पंगतीला जेवायला बसतात. गारगोटीत चहाच्या गाड्यावर अनोळखी माणसाला पहिला प्रश्न गावाचा असतो आणि दुसरा, जरा आडवळणानं, गटाचा. अशा मुलखात वाढलेल्या माणसाला समोर कोणीच नसलेल्या खेळाचं वेड लागावं, हे आमच्या घरच्यांना अजून पटलेलं नाही. "हरवायचं कुणाला मग?" हा आईचा प्रश्न. तो वाटतो तितका भाबडा नाही.

खेळाचं नाव ऑटोक्रॉस. मोकळं मैदान घ्यायचं, त्यावर रबरी कोन मांडून वळणावळणाची वाट आखायची, गाड्या एकेक करून सोडायच्या आणि घड्याळ लावायचं. वाटेवर एका वेळी एकच गाडी. धक्का द्यायला, आडवं यायला, मागे टाकायला दुसरं कोणी नसतं. एक फेरी फार तर मिनिट-दीड मिनिटाची, पुष्कळदा त्याहूनही कमी. कोन पाडला की वेळेत दंडाचे सेकंद मिळवतात. अमेरिकेतल्या स्पोर्ट्स कार क्लबच्या नियमांत एका कोनाला २ सेकंद. वाट चुकली तर फेरी गेली. सगळा गदारोळ संपल्यावर कागदावर उरतो एक आकडा, दशांश चिन्हानंतरच्या दोन-तीन अंकांसह.

मोटारींच्या शर्यतींचा बराच इतिहास ओस पडलेल्या विमानतळांवर घडला. दुसरं महायुद्ध संपलं, धावपट्ट्या रिकाम्या झाल्या आणि इंग्लंडमधल्या हौशी लोकांनी तिथे गाड्या आणल्या. सिल्व्हरस्टोन, स्नेटरटन ही आज मोठी वाटणारी नावं मुळात बॉम्बफेकी विमानांच्या तळांची. आपल्याकडे मद्रासजवळचं शोलावरम हे तसंच युद्धकाळातलं विमानतळ. पुढे कित्येक दशकं दक्षिणेतले शर्यतवाले तिथे जमत. ज्यांना धावपट्टी मिळाली नाही त्यांनी जे मिळेल ते घेतलं. अमेरिकेत मोठ्या पार्किंगची जागा, इंग्लंडात शेतकऱ्याचं कापणी झालेलं रान, आणि आपल्याकडे मुरमाचा माळ. जागा छोटी असल्यामुळे वेग कमी राहतो, आणि वेग कमी असल्यामुळे हा खेळ पगारदार माणसाला झेपतो. वळण चुकलं तर गाडी धुळीत गोल फिरते, दोन कोन आडवे होतात, लोक हसतात. बहुतेक वेळा नुकसान तेवढंच.

हा खेळ परदेशातून आला असं म्हणायला माझी जीभ मात्र रेटत नाही. भुदरगड, राधानगरी, आजरा या पट्ट्यात पावसाळ्यात रोप लावणीच्या दिवसांत चिखलगुठ्ठ्याच्या शर्यती होतात. पाण्यानं भरलेलं भाताचं खाचर, जुंपलेली बैलजोडी, मागे चिखल सपाट करायचा लाकडी गुठ्ठा आणि त्यावर तोल सांभाळत उभा राहिलेला गडी. एक जोडी सुटते, ठरलेलं अंतर तोडते, बांधावरचा माणूस सेकंद मोजतो. मग दुसरी जोडी. दोन जोड्या एकमेकींच्या अंगावर येण्याचा प्रश्नच नाही. बैलांना प्रतिस्पर्धी दिसतही नाही. सर्वोच्च न्यायालयानं मे २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात अटींसह परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्यांचे कायदे वैध ठरवले. मधल्या वर्षांत गावोगावचे शौकीन कसे कासावीस झाले होते, ते मी पाहिलंय. जनावर, चिखल आणि सेकंद यांचं हे नातं ज्यांनी पाहिलंय, त्यांना माळावर एकटी धावणारी गाडी परकी वाटत नाही. माझ्या फेऱ्या बघायला आलेला एक म्हातारा शेतकरी दोनच फेऱ्यांत खेळ समजला आणि म्हणाला, "म्हंजे चिखलगुठ्ठाच की वो, नुसता कोरडा."

जगात या खेळासाठी नावाजलेली गाडी म्हणजे माझदाची मियाटा. १९८९ साली आलेली, दोन माणसांची, उघड्या टपाची, हलकी. गारगोटीत मियाटा शोधणं म्हणजे पाटगावच्या जंगलात पेंग्विन शोधणं. आमची स्पोर्ट्स कार म्हणजे मारुती झेन. १९९३ साली ती आली आणि २००६ पर्यंत निघत राहिली. युरोपात ती सुझुकी आल्टो या नावानं विकली गेली. वजन साडेसातशे किलोच्या आसपास, ताकद सुमारे ५० अश्वशक्ती. कागदावर यात बढाई मारण्यासारखं काही दिसत नाही. पण बॉनेट उघडलं की ॲल्युमिनियमचं चार सिलिंडरचं ९९३ सीसी इंजिन दिसतं, आणि त्याची मापं वाचली की कळणाऱ्याचे डोळे चमकतात. बोअर ७२ मिलिमीटर, स्ट्रोक फक्त ६१. रुंद आणि आखूड. पिस्टनला वरखाली फार पळावं लागत नाही, म्हणून इंजिन आनंदानं फिरतं. याच घराण्यातलं १२९८ सीसीचं इंजिन एस्टीममध्ये होतं. त्याचा बोअर ७४ आणि स्ट्रोक ७५.५. ते खालून जोर लावतं, झेनचं वर गेल्यावर गातं. बाजारात साध्या दुचाकीच्या किमतीला मिळणारी ही जुनी गाडी ज्यानं पाच-सहा हजार फेऱ्यांवर तिसऱ्या गिअरमध्ये ऐकली आहे, तो तिला भंगार म्हणत नाही.

मी आठवडाभर गोकुळ शिरगावच्या एका मशिन शॉपमध्ये कास्टिंगची मापं तपासतो आणि सुट्टीला गारगोटीला येतो. डिप्लोमा मौनी विद्यापीठाच्या आवारातला. १९५२ साली डॉ. जे. पी. नाईक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गारगोटीत हे विद्यापीठ उभं केलं, तेव्हा ग्रामीण मुलाला डोक्याइतकंच हातानंही शिकता यावं, हा त्यामागचा विचार होता. पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षी लोखंडाचा तुकडा कानशीनं घासून काटकोनात आणायचा असतो. ते काम पोरांना छळ वाटतं. पण गुण्या लावून उजेडाकडे धरल्यावर फटीतून येणारी प्रकाशाची रेघ ज्यानं पाहिली, त्याला "जवळजवळ बरोबर" या शब्दांचा धाक बसतो. आज माझी नोकरी आणि माझा छंद दोन्ही त्या रेघेवर चालतात.

गाडीवर हात मात्र मेस्त्रींचा. गॅरेज गावाबाहेर, पुढे रोटाव्हेटर, मागे ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स, आणि मधल्या जागेत माझी झेन. त्यांचं शिक्षण कुठल्या कागदावर नाही. इंजिन चालू करून ते बॉनेटवर हात ठेवतात आणि मान जरा तिरकी करतात. "तीन नंबर मिसिंग मारतोय," म्हणतात, आणि प्लग काढला तर तो खरंच काळा असतो. मी फिलर गेज घेऊन टॅपेट मोजतो, ते कानानं मोजतात. दोघांचं उत्तर जुळलं की चहा येतो, नाही जुळलं की वाद. पहिल्यांदा मी त्यांच्यापुढे बदलांची यादी ठेवली, हेड घासायचं, पोर्ट पॉलिश करायचे, कार्ब्युरेटरचा जेट बदलायचा, सायलेन्सर मोकळा करायचा. त्यांनी यादी वाचली, घडी घालून माझ्या खिशात ठेवली आणि विचारलं, "गाडी पळवायची हाय का वळवायची?"

या प्रश्नाचं उत्तर शाळेच्या भौतिकशास्त्रात आहे. वळणावर गाडीला आत धरून ठेवायला लागणारं बल वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. वेग दहा टक्क्यांनी वाढवायचा तर टायरकडून एकवीस टक्के जास्त पकड मागावी लागते. सुट्या मुरमावर १५ मीटर त्रिज्येचं वळण ताशी साधारण ३० किलोमीटरनं निघतं; त्याहून जास्त हट्ट केला तर पुढची चाकं वळलेली राहतात आणि गाडी सरळ जात राहते. त्या क्षणी बॉनेटखाली ५० अश्वशक्ती असोत की ५००, टायरचा जमिनीला टेकलेला तळहाताएवढा भागच निकाल लावतो. ऑटोक्रॉसची वाट म्हणजे अशा वळणांची माळ. ताकद दाखवायला जागा मिळते ती दोन वळणांच्या मध्ये, गिअर पडेपर्यंत ब्रेक लागतो एवढीच.

म्हणून आम्ही सुरुवात वाढवण्यापासून केली नाही, काढण्यापासून केली. मागचं सीट, स्टेपनी, जॅक, दारांचे पुठ्ठे, टपाखालचं कापड, म्युझिक सिस्टिम. इंजिनची ताकद वाढवली तर गाडी फक्त पळताना सुधारते. वजन कमी केलं तर पळताना, थांबताना आणि वळताना, तिन्ही वेळा. लोटस कंपनीचा संस्थापक कॉलिन चॅपमन यानं आयुष्यभर हेच केलं. १९४८ साली त्यानं जुन्या ऑस्टिन सेव्हनवर पहिली गाडी बांधली, तेव्हा त्याच्याजवळ पैसा नव्हता, आणि पुढे पैसा आला तरी हलकेपणाचा हट्ट त्यानं सोडला नाही. गरिबीतून आलेली सवय तत्त्वज्ञान होऊन बसली, असं याबाबतीत म्हणता येईल. आमच्या गॅरेजात तत्त्वज्ञान नव्हतं. काढलेला प्रत्येक भाग मेस्त्री वजनकाट्यावर ठेवत आणि खडूनं भिंतीवर लिहीत. काट्यावर सोयाबीन आणि झेनचं सीट शेजारी शेजारी.

मग चाकांची बसणी. पुढच्या चाकांची तोंडं किंचित बाहेर केली की गाडी वळणात चटकन शिरते, पण सरळ रस्त्यावर स्टेअरिंग सतत हातात घ्यावं लागतं. चाकांचे माथे आत झुकवले की वळणात टायर पूर्ण टेकतो, पण सरळ जाताना आतली कड झिजते. पुढून ओढणाऱ्या गाडीचा स्वभाव वळणात नाक बाहेर काढण्याचा; तो मोडायचा तर मागची बाजू थोडी सैल, निसरडी करावी लागते, आणि डांबरावर मागच्या टायरची हवा वाढवणं हा त्याचा सर्वांत स्वस्त उपाय. पण मागची बाजू फार सैल झाली की घाबरून ॲक्सिलरेटर सोडलेल्या क्षणी गाडी पाठीमागून पुढे येते. हेडचंही असंच. ते अर्धा मिलिमीटर घासलं की कम्प्रेशन वाढतं, गाडी उचल घेते. पण हेड खाली आलं, टायमिंग बेल्टची लांबी मात्र तीच राहिली. त्यामुळे कॅम किंचित मागे पडतो. शिवाय कम्प्रेशन वाढल्यावर साध्या पेट्रोलवर इंजिन ठोकायला लागतं, मग इग्निशनचं टायमिंग मागे घ्या, म्हणजे मिळवलेल्यातलं थोडं परत द्या. गाडीत फुकट काहीच मिळत नाही. प्रत्येक फायद्याची पावती दुसऱ्या कुठल्या तरी खात्यावर फाटते.

म्हणूनच ट्युनिंगचा एकच नियम कडक पाळावा लागतो, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हवा आणि अलाइनमेंट एकाच दिवशी बदलली आणि वेळ सुधारली तर आनंद होतो, ज्ञान होत नाही. कदाचित एका बदलानं एक सेकंद दिला असेल आणि दुसऱ्यानं अर्धा खाल्ला असेल. वहीत फक्त बेरीज दिसते. तेव्हा एक बदल, मग फेरी, मग नोंद. तारीख, जमीन ओली की कोरडी, टायरची हवा पुढे किती मागे किती, वेळ, आणि शेवटी एक ओळ, गाडी कुठे ऐकत नव्हती त्याची. ही वही लिहिताना मला दरवेळी आजूबाजूचं जग आठवतं. आपल्याकडे नवा सरपंच, नवा मुख्याध्यापक, नवा मॅनेजर आला की पहिल्या महिन्यात दहा गोष्टी बदलतो आणि अकराव्या महिन्यात यश-अपयशाचं श्रेय हव्या त्या गोष्टीला देतो. त्याला कोणी खोडून काढू शकत नाही, कारण काय कशामुळे झालं हे कळायची सोयच त्यानं ठेवलेली नसते. धीर धरून एकच गोष्ट बदलणारा माणूस बाहेरून संथ दिसतो. पण वर्षाअखेरीला काहीतरी ठाऊक असलेला तोच एकटा असतो.

हा धीर कोल्हापूरच्या मातीत आहे, हे मला कारखान्यात काम करताना उमगत गेलं. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा इथे स्वतः बनवला. भाग घासून, जुळत नाहीत म्हणून पुन्हा घासून. दामल्यांसारखे हातानं हुशार सहकारी बरोबर होते. त्याच कॅमेऱ्यातून 'सैरंध्री' निघाला, १९२० साली. पुढे शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनं तयार झाली, ओतकामाचे कारखाने उभे राहिले, आणि आज देशातल्या कितीतरी वाहनांच्या पोटातलं लोखंड या जिल्ह्यात ओतलेलं असतं. दक्षिणेत कोइम्बतूरचं असंच. कापडगिरण्या, पंप, फाउंड्री, लेथ, आणि त्यांच्या सावलीत मोटारींच्या शर्यती. तिथल्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन घेऊन एकट्या माणसाची स्वस्त शर्यतगाडी घडवली, फॉर्म्युला मारुती, आणि एका पिढीला चालवायला शिकवलं. १९९५ मध्ये विमान अपघातात ते गेले. २००३ मध्ये उघडलेल्या ट्रॅकला त्यांचं नाव आहे. त्याच शहराचा नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय ठरला. कोल्हापुरातही मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या, आणि इथला कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीमध्ये, त्या जुन्या विमानतळांवरच्या ट्रॅकवर, धावून आला. लोक म्हणतात, या खेळाला पैसा लागतो. वरच्या पायरीवर लागतोच, भरपूर लागतो. पण खालच्या पायरीवर, जिथे माझ्यासारखे उभे आहेत, तिथे रात्री नऊ वाजता "जरा हा बुश फिरवून देता का" म्हटल्यावर लेथ चालू करणारा माणूस लागतो. तो ज्या गावात आहे तिथे हा खेळ रुजतो.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी आधी पायी फिरायचं असतं. ड्रायव्हर एकेकटे त्या कोनांमधून चालतात, खाली बघत, मध्येच थांबून मागे वळत. वेळ ठरते ती याच वेळी. कुठल्या वळणातून बाहेर पडल्यावर लांब सरळ वाट आहे? मग त्या वळणाला आधी थोडं हळू शिरायचं, उशिरा वळायचं आणि बाहेर पडताना गाडी सरळ ठेवायची. एका वळणात मोठेपणा गाजवून पुढची तीन वळणं बिघडवणारे दरवेळी असतात. मुरमाचा माळ असेल तर जमीन वाचावी लागते. जांभ्याच्या कडक थरावर सुटे खडे असले की पहिल्या गाड्यांची चाकं घसरतात. जसजशा गाड्या जातात तसतशी वाट झाडली जाते आणि खालचा कडक थर उघडा पडतो. त्यामुळे सकाळचा आकडा आणि दुपारचा आकडा सरळ ताडून बघता येत नाही. उलट माती मऊ असेल तर दुपारपर्यंत चाकोऱ्या पडतात आणि मागून येणाऱ्याचे हाल होतात. घड्याळ निःपक्षपाती असलं तरी जमीन तशी नसते, एवढं समजून घेतलं की पुष्कळ रुसवे वाचतात.

मग वाट बघणं. या खेळाचा बहुतेक दिवस यातच जातो. हेल्मेटमध्ये घाम, पट्ट्यांनी आवळलेले खांदे, पुढच्या गाडीची धूळ अजून खाली बसायची. हिरवा झेंडा पडला की पुढचे चाळीस-पन्नास सेकंद माणूस स्वतःशी बोलायचं बंद करतो. पहिला गिअर ओरडतो, दुसरा, समोर कोनांची सरळ रांग आणि तिच्यातून नागमोडी. नजर समोरच्या कोनावर ठेवली तर उशीर झालेलाच असतो. ती त्याच्या पुढच्यावर लागते. शेवटच्या परतीच्या वळणावर हँडब्रेक ओढायचा, मागची चाकं क्षणभर अडतात, गाडीचं शेपूट फिरतं, क्लच, पहिला गिअर, आणि पुन्हा उलट दिशेला. सरासरी वेग ताशी ४५ किलोमीटर. मुदाळ तिट्ट्यावरून कोल्हापूरला जाणारी एस.टी. याहून जोरात जाते. पण या वेगाला गाडी सेकंदाच्या एका दशांशात सव्वा मीटर सरकते, आणि सव्वा मीटर म्हणजे कोन उभा राहणं आणि पडणं यांतला फरक.

कोणी म्हणेल, हे सगळं रस्त्यावर का करत नाही, रस्ता फुकट आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८९ प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत हा गुन्हा आहे आणि कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. म्हणून माझी झेन माळापर्यंत दुसऱ्या गाडीच्या पाठीवर बसून जाते. पण कायदा बाजूला ठेवला तरी उत्तर तेच. गळिताच्या हंगामात आमच्या रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रेलरचे ट्रॅक्टर अंधारात मागच्या दिव्यांशिवाय चालतात, आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनाला निघालेले लोक कडेनं पायी असतात. आणि माळावर पकड कुठे संपते हे अंगानं शिकलेल्या माणसाला रस्त्यावर ती किती थोडी आहे हे कळतं. आमच्या गावात मी हळू गाडी चालवणारा म्हणून थट्टेचा विषय आहे, आणि मेस्त्रींच्या मते माझ्या शिकण्याचा तोच खरा पुरावा.

आता आईचा प्रश्न. हरवायचं कुणाला? पहिलं उत्तर सोपं, आणि ते सगळेच देतात, स्वतःला. मला ते फारसं पटत नाही. स्वतःला हरवण्याची भाषा भिंतीवरच्या सुविचारांत शोभते. माळावर उभं राहिल्यावर मी स्वतःचा शत्रू वगैरे नसतो, मला फक्त अर्धा सेकंद कुठे गेला ते शोधायचं असतं. आणि इथे घड्याळ हात वर करतं. ते किती हे सांगतं, का हे सांगत नाही. पहिल्या वळणात गेला की हँडब्रेकला, हवेमुळे की मी आधीच घाबरून पाय उचलल्यामुळे, याबद्दल आकडा गप्प असतो. 'का' शोधायला माणसं लागतात. बाहेर उभी असलेली, माझी फेरी बघितलेली, तीच वाट स्वतः चालवलेली. म्हणजे ज्यांचे आकडे माझ्या वरखाली लागणार आहेत, नेमकी तीच.

आणि ती सांगतात, याचं मला पहिल्यापासून नवल वाटत आलंय. कुस्तीत समोरच्याला त्याच्या बगलेतली फट कोणी दाखवत नाही. कारखान्याच्या निवडणुकीत आपली मतदारयादी कोणी दुसऱ्या पॅनेलला देत नाही. इथे मात्र दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात हवेचा गेज हातोहात फिरतो, एकाची स्टेपनी दुसऱ्याच्या गाडीला लागते, आणि कुठल्या वळणाला कोणता गिअर हे विचारलं की खरं उत्तर मिळतं. याचं कारण माणसं इथे जास्त चांगली असतात असं मी मानत नाही. यातले निम्मे घरी गेल्यावर आपापल्या गटाचे कडवे कार्यकर्ते आहेत. फरक मांडणीचा आहे. वाटेवर एका वेळी एकच गाडी असते. मला दिलेल्या सल्ल्यानं त्याच्या गाडीचा वेग कमी होत नाही, त्याची वाट अडत नाही. फार तर यादीत माझं नाव एक घर वर चढतं, आणि त्यालाही ठाऊक असतं की पुढच्या खेपेला मी त्याच्या टायरमधली हवा बघणार आहे. हरवायला समोर कोणी उभं नसलं की माणसाला लपवायलाही फारसं काही उरत नाही. आमच्या तालुक्यातली भांडणं पाहताना मला हल्ली असं वाटतं की त्यांतली बरीच स्वभावाची नसून आखणीची आहेत. दोघांना एकाच अरुंद वाटेवर एकाच वेळी सोडलं की शहाणी माणसंही एकमेकांना घासून जातात.

सीमेपलीकडून, निपाणीहून एक जण येतो. माझ्याच वर्गात, त्याच्याकडेही झेन, आणि यादीत तो बहुधा माझ्या एक घर वर असतो. मागच्या स्पर्धेनंतर गाडी पाठीवर चढवताना तो जवळ आला, मागच्या टायरवर अंगठा दाबून बघितला आणि म्हणाला, "डांबरावर असशील तेव्हा मागं दोन पॉइंट वाढव, तुझं नाक बाहेर जातंय." वहीत ती ओळ लिहून ठेवलीय. पुढची स्पर्धा डांबरावर आहे. तेवढा एकच बदल करून उतरणार आहे, आणि आकडा काय येतो ते सगळ्यात आधी त्यालाच विचारायचंय.